जहाजांची जप्ती : चाचेगिरी की सागरी सत्तेचा हक्क?

विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी या सागरी किल्ल्यांचा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. या किल्ल्यांच्या आश्रयाने मराठ्यांच्या आरमाराने अठराव्या शतकात अनेक परकीय जहाजे पकडली. इंग्रजांच्या कागदपत्रांत या कारवायांचा उल्लेख 'चाचेगिरी' असा आढळतो. तो कितपत न्याय्य आहे, हे समजण्यासाठी त्या काळातील सागरी युद्धाचे नियम पाहणे आवश्यक आहे.

युरोपातील राजसत्ता त्या काळी खासगी जहाजमालकांना शत्रूची जहाजे पकडण्याचे परवाने देत असत. पकडलेले जहाज न्यायालयापुढे आणले जाई आणि जप्ती वैध ठरल्यावर लुटीची वाटणी होई. असा परवाना असणारा तो योद्धा आणि नसणारा तो चाचा, असा हा भेद होता. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने ही पद्धत रद्द ठरवली.

कोकण किनाऱ्यावर या प्रश्नाचे स्वरूप वेगळे होते. कान्होजी आंग्रे हे मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांच्याशी झालेल्या तहानंतर छत्रपती शाहूंनीही त्यांचे हे पद मान्य केले. आपल्या हद्दीतून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी दस्तक, म्हणजे परवाना घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. दस्तक नसलेले जहाज जप्तीस पात्र ठरे. पोर्तुगीजांनी त्यापूर्वीच अशी परवाना पद्धत हिंदी महासागरात रूढ केली होती. इंग्रजांनी मात्र कान्होजींचा हा अधिकार नाकारला आणि संघर्षाला तोंड फुटले.

१७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या इंग्रज गव्हर्नराची सशस्त्र नौका पकडली. या चकमकीत कंपनीचे कारवारचे प्रमुख थॉमस चाऊन मारले गेले. कैद झालेल्या त्यांच्या पत्नीच्या सुटकेसाठी ३० हजार रुपये मोजावे लागले. पुढे १७३५ मध्ये संभाजी आंग्रे यांनी कंपनीचे 'डर्बी' हे मोठे जहाज ताब्यात घेतले.

मोठी जहाजे पकडण्याचे आंग्र्यांचे तंत्र साधे पण परिणामकारक होते. दोन किंवा तीन डोलकाठ्यांच्या गुराबा शत्रूच्या जहाजाची पिछाडी गाठत. वारा पडलेला असल्यास ४०-५० वल्ह्यांची गलबते त्यांना ओढून नेत. गुराबेच्या पुढील भागावरील तोफा जहाजाच्या डोलकाठ्यांवर व शिडांवर मारा करीत. जहाज निकामी झाले की गलबतांतील सैनिक चहूबाजूंनी त्यावर चढत.

तुळाजी आंग्रे यांनी १७४९ मध्ये कंपनीचे 'रिस्टोरेशन' हे लढाऊ जहाज जिंकून आपल्या ताफ्यात सामील केले. पेशव्यांशी मात्र त्यांचे वितुष्ट आले. नानासाहेब पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला चढवला. त्या वेळी इंग्रजांचा एक तोफगोळा 'रिस्टोरेशन'वरच पडला. तेथून भडकलेल्या आगीत आंग्र्यांचा संपूर्ण ताफा जळून खाक झाला. एकेकाळची जिंकलेली लूट अशा रीतीने आरमाराच्या नाशास निमित्त ठरली.

किल्ल्यात सापडलेली सुमारे १० लाख रुपयांची संपत्ती विजेत्या इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. मित्र म्हणवणाऱ्या पेशव्यांना त्यातील वाटा मिळाला नाही. ज्या कृतीसाठी आंग्रे 'चाचे' ठरले, तीच कृती इंग्रजांच्या बाबतीत युद्धातील कायदेशीर लाभ मानली गेली. तुळाजींची अखेर पेशव्यांच्या कैदेत झाली आणि पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना आव्हान देणारी प्रबळ आरमारी शक्ती नाहीशी झाली.

स्वतंत्र भारताने या इतिहासाची वेगळी नोंद घेतली आहे. भारतीय नौदलाच्या मुंबईतील तळाला 'आय. एन. एस. आंग्रे' असे नाव देण्यात आले आहे.