पानाचे रूप कोणी ठरवायचे?

छापील पुस्तकातील अक्षर किती मोठे असावे हे छापणारा ठरवतो. वाचणाऱ्याला त्यात हात घालता येत नाही. संगणकाच्या पडद्यावरील वेब-पानाचे तसे नाही. तेथे मजकूर वेगळा लिहिलेला असतो आणि त्याच्या रूपाचे नियम वेगळे. या नियमांच्या भाषेला सीएसएस म्हणतात. होकोन विउम ली यांनी १९९४ साली सर्न या संस्थेत असताना तिची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रमाण ठरली.

नावातील 'कॅस्केड' म्हणजे टप्प्याटप्प्याने उतरणारा धबधबा. एकाच अक्षरावर तीन ठिकाणचे नियम येऊन पडतात: ब्राउझरचे, वाचकाचे आणि पान रचणाऱ्याचे. त्यांत मतभेद झाला तर? ली यांच्या मूळ प्रस्तावात ज्याने त्याने आपला आग्रह चक्क टक्क्यांत सांगायचा होता! ती कल्पना टिकली नाही. सामान्यतः रचनाकाराचे चालावे, असे ठरले. त्याच्याच दोन नियमांत विरोध आला तर अधिक नेमका नियम लागू होतो आणि दोन्ही सारखेच नेमके असतील तर नंतर लिहिलेला.

मात्र नियमापुढे उद्गारचिन्ह देऊन 'इम्पॉर्टंट' लिहिले की तो साध्या नियमांवर मात करतो. दोघांनीही हा शब्द वापरला तर १९९६ च्या आवृत्तीत रचनाकाराची सरशी होई. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीने हे उलटे केले. मोठ्या अक्षराची गरज असलेल्या मंददृष्टी वाचकाचा शब्द अखेरचा ठरला. आमच्या मते या भाषेतील हा सर्वांत शहाणपणाचा बदल होय.

पण नियम लिहिणारे वाचक थोडेच. बाकीचे ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षराचा मूळ आकार वाढवतात. तो बहुधा १६ पिक्सेल असतो. रचनाकाराने '१४ पिक्सेल' असा ठाम आकार देऊन ठेवला, की वाचकाची ही खटपट वाया जाते. म्हणून 'रेम' हे एकक वापरावे. १ रेम म्हणजे पानाचा मूळ आकार. वाचकाने तो १६ वरून २४ केला, की १.२५ रेमचे शीर्षक आपोआप २० वरून ३० पिक्सेलचे होते. ओळींची उंचीही अक्षराच्या पटीत द्यावी. नाहीतर अक्षरे वाढतात, ओळी तेवढ्याच राहतात आणि देवनागरीत वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीला जाऊन भिडतो.

हे सारे डोळ्यांनी पाहता येते. मजकुरावर माऊसचे उजवे बटण दाबून 'इन्स्पेक्ट' निवडले की तेथे आलेले नियम दिसतात. जे हरले त्यांच्यावर काट मारलेली असते. आपल्या शाळेचे संकेतस्थळ असेल तर विद्यार्थ्यांना त्याचेच एखादे पान असे उघडायला सांगावे आणि त्यात पिक्सेल किती व रेम किती, ते मोजायला लावावे.