पहिले पैसे

माहितीपटावर बोलायला बसलो की आपण आशयावर बोलतो, बांधिलकीवर बोलतो, कॅमेरा कुठे ठेवला होता यावरही वाद घालतो. पैसे कुठून आले हे मात्र कुणी विचारत नाही. विचारलेच, तर विचारणाऱ्याच्या अभिरुचीबद्दल शंका घेतली जाते. मी ती शंका आयुष्यभर अंगावर घेतली आहे. पैठण रस्त्यावर चितेगावात राहून, औरंगाबाद शहरात फिल्म सोसायटीच्या निमित्ताने आणि आसपासच्या गावांत शाळेच्या भिंतीवर चादर लावून, मी माहितीपट दाखवत आलो. बनवणारा नव्हे, दाखवणारा. त्यामुळे अनुदाने, पाठ्यवृत्त्या आणि फंडांचा हा आढावा समतोल वगैरे असणार नाही. समतोल आढावे लिहिणारे पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत.

इतिहास ठाऊक असलेलाच आहे, म्हणून भरभर. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली, १९०१ मध्ये रँग्लर परांजप्यांचे स्वागत टिपले, आणि दोन्ही वेळा पैसा छायाचित्रांच्या धंद्यातून आला. १९४८ मध्ये सरकारची फिल्म्स डिव्हिजन आली. तिचे वृत्तपट दाखवणे थिएटरवाल्यांना सक्तीचे होते, वर भाडेही त्यांनीच भरायचे. प्रेक्षक तेवढ्यात शेंगदाणे घेऊन यायचे. त्याच सरकारी छपराखाली सुखदेव, प्रमोद पती, एस. एन. एस. शास्त्री यांनी आजही थक्क करणारे काम केले. २००४ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय माहितीपटांनाच सेन्सॉरचा दाखला मागितला गेला, परदेशी चित्रपटांना नाही. मग दिग्दर्शकांनी ‘विकल्प’ नावाचा स्वतःचा महोत्सव भरवला. पुढे २०१२ मध्ये फिल्म्स डिव्हिजननेच त्यातल्या मंडळींना बरोबर घेऊन ‘एफडी झोन’ हे माहितीपट दाखवण्याचे व्यासपीठ सुरू केले, तेव्हा वाटले, आता काही तरी होईल. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन ही संस्थाच राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत, विलीन झाली. विलीनीकरणामागचे हिशेब मला कळत नाहीत असे नाही. पण पेडर रोडच्या फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात उभ्या असलेल्या माणसाला माहितीपट कुठल्या दाराने न्यायचा हे कळत होते. आता आधी संकेतस्थळ शोधावे लागते.

माझ्या लाडक्या मुद्द्याकडे येतो. माहितीपटाला सगळ्यात अवघड मिळतात ते पहिले पैसे. शेतकऱ्याला पेरणीला कर्ज मिळते, नांगरटीला कुणी देत नाही, तसे हे आहे. फंडवाल्यांच्या भाषेत तीन टप्पे असतात: संशोधन आणि जुळवाजुळव, मग चित्रीकरण, मग संकलन. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याला पैसे देणारे जगभर भेटतात, कारण तेव्हा दाखवायला काही तरी हातात असते. पहिल्या टप्प्यावर हातात असते फक्त एक माणूस, एक गाव आणि एक खाज. त्या वेळी चाळीस-पन्नास हजार मिळाले, तर माणूस सहा महिने त्या गावात जाऊन राहतो. नाही मिळाले तर लग्नाची शूटिंग घेतो, आणि मग तीच घेत राहतो.

पुण्यात १९८० च्या दशकात सुमित्रा भाव्यांनी ‘स्त्रीवाणी’ या प्रकल्पात वस्तीतल्या बायकांवर काम केले. त्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या, सिनेमाच्या नव्हेत. संशोधनाचे निष्कर्ष ज्यांच्याबद्दल आहेत त्या बायकांना अहवाल वाचता येणार नाही, मग त्यांना दाखवायचे तरी काय, या साध्या अडचणीतून ‘बाई’ हा लघुपट निघाला. साल १९८५. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मागून ‘पाणी’ आला, सुनील सुकथनकरांबरोबरची चित्रपटांची रांग आली. सिनेमाच्या कुठल्याही फंडाने त्या पहिल्या कामावर पैसे लावलेले नव्हते. ते संशोधनाच्या पिशवीतून आले. मी हे तरुणांना सांगतो तेव्हा ते ‘पण तो काळ वेगळा होता’ म्हणतात. काळ वेगळा होता, पिशवी तीच आहे. आपल्या जिल्ह्यात ऊसतोड, स्थलांतर, पाणी यांवर काम करणाऱ्या संस्थांकडे दस्तऐवजीकरणाचे म्हणून एक कलम असते. त्या कलमातून आजवर बहुतेक उद्घाटनांचे व्हिडिओच झाले आहेत.

दिल्लीच्या पीएसबीटी या न्यासाचा उल्लेख ओलांडून जाता येत नाही. राजीव मेहरोत्रांनी २००० मध्ये तो सुरू केला. दूरदर्शन आणि फोर्ड फाउंडेशनची मदत होती. शेकडो माहितीपट त्यातून झाले. ठरावीक मिनिटांच्या साच्यात बसवल्यामुळे काही घुसमटले, हे खरे. तरी पहिला माहितीपट बनवणाऱ्याला टीव्हीचा पडदा देणारी तेवढी मोठी जागा पुन्हा झाली नाही. गेल्या काही वर्षांत तो ओघ आटला. मुंबईत ‘पुकार’ने तरुणांना शहरावर संशोधन करायला पाठ्यवृत्त्या दिल्या, पारोमिता वोहरांचा सार्वजनिक शौचालयांवरचा ‘क्यूटूपी’ त्यांच्याच स्त्रिया आणि शहर या प्रकल्पाशी जोडलेला होता. गोव्यातून ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ने गावोगावच्या लोकांच्या हाती कॅमेरा दिला. दिल्लीतल्या बाकीच्या पाठ्यवृत्त्यांची जंत्री देत नाही, त्या यायच्या आणि जायच्या.

आता मात्र थांबणार आहे, कारण हा भाग माझा आहे.

बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, म्हणजे आयएफए, १९९३ ची. खासगी, सरकारी नव्हे. कलांविषयीच्या संशोधनाला आणि दस्तऐवजीकरणाला ती छोटी अनुदाने देते. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया या दोघांनी महाराष्ट्रातल्या यात्रांत फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमावर काम करायचे ठरवले, तेव्हा आयएफएने त्यांच्या संशोधनाला अनुदान दिले. माहितीपट तेव्हा नव्हताच. होते ते ट्रक, गंजलेले प्रोजेक्टर, फाटके तंबू आणि वर्षाचे काही महिने यात्रा गाठत फिरणारी माणसे. आमच्या पिढीने सिनेमा पाहिला तो असाच. पडद्याच्या मागच्या बाजूला बसून पाहिला, तर नट डावखुरा दिसायचा. त्या तंबूला कलेचा विषय म्हणून कुणी अर्ज करील आणि कुणी पैसे देईल, हे मला तेव्हा कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

त्या संशोधनातून आधी छायाचित्रे निघाली. तंबूत पडद्याकडे बघणारे चेहरे. मधेशियांना त्यांसाठी २०११ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत कला-मनोरंजन विभागातले पहिले पारितोषिक मिळाले. ही दोघे तिथेच थांबली असती तरी चालले असते. पण तोवर रिळे जाऊन डिजिटल येऊ लागले होते, आणि ज्या जगात ती दोघे वावरत होती ते त्यांच्या कॅमेऱ्यासमोरच मोडायला लागले. तंबूवाल्याला रिळाऐवजी डिजिटल सिनेमा उतरवून घ्यायचा आहे आणि इंटरनेट चालत नाही, बाहेर पब्लिक ओरडते आहे: हा प्रसंग तीन दिवसांच्या दौऱ्यावर आलेल्या कुठल्याही चमूला सापडला नसता. म्हातारा मेकॅनिक स्वतः घडवलेले प्रोजेक्टर दाखवतो, तो भागही नसता सापडला. पुढे सनडान्ससारख्या बाहेरच्या संस्था मागे उभ्या राहिल्या. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, तिथल्या माहितीपटांच्या ‘सुवर्णनेत्र’ पुरस्काराच्या परीक्षकांनी त्याचा विशेष उल्लेख केला, आणि राष्ट्रीय पुरस्कारांतही परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. सुरुवातीपासून मोजले तर आठेक वर्षे. कानचे नाव सगळे घेतात. बंगळुरूच्या त्या पहिल्या अनुदानाचे नाव मी घेतो.

आमचे काही मित्र इथे हरकत घेतात. नावे घेत नाही, त्यांना कळेल. एक म्हणतात, अनुदान घेतले की माहितीपट मिंधा होतो. आनंद पटवर्धनांकडे बघा. जरूर बघा. पटवर्धनांनी ‘जय भीम कॉम्रेड’ला चौदा वर्षे दिली, ‘राम के नाम’ दूरदर्शनवर यावा म्हणून कोर्टात झगडले, स्वतःच्या माहितीपटांच्या विक्रीवर पुढचे माहितीपट उभे केले. पण तो मार्ग आयुष्य वाहिलेल्या एका माणसाचा आहे. बिडकीनच्या भूमिहीन घरातल्या पोराला ‘पटवर्धन हो’ म्हणणे म्हणजे त्याला ‘घरी जा’ म्हणणे. दुसरे मित्र म्हणतात, आता मोबाइलवर माहितीपट होतो, पैसा कशाला? मोबाइलने कॅमेरा स्वस्त केला. त्या गावात काढायचे सहा महिने स्वस्त केले नाहीत. तिसऱ्यांचे म्हणणे, लोकवर्गणी करावी. होते, मान्य. सांगली जिल्ह्यातल्या सोमनाथ वाघमारेंनी भीमा कोरेगाववरचा माहितीपट लोकांच्या पैशांवर केला, ज्योती निशांनीही आंबेडकरांवरच्या आपल्या माहितीपटासाठी लोकवर्गणी उभी केली. मात्र ज्या विषयामागे जागा समाज उभा असतो तिथेच वर्गणी जमते. बंद पडलेल्या हिमरूच्या मागावर कोण देणार वर्गणी?

परदेशी फंडांचे थोडक्यात. अ‍ॅमस्टरडॅमच्या इडफा महोत्सवाचा यान फ्रायमन फंड १९९८ चा, आज तो इडफा बर्था फंड म्हणून चालतो. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा भागांतल्या दिग्दर्शकांसाठी आहे. अमेरिकेत सनडान्स, कोरियात बुसान. आपल्याकडे कोलकात्यात निलोत्पल मजुमदार २००४ पासून ‘डॉकएज’ चालवतात, तिथे देशोदेशीच्या वाहिन्यांसमोर आपला विषय मांडायचा, म्हणजे पिचिंग करायचे. गोव्याच्या फिल्म बाजारात माहितीपटांना आता जागा मिळते, आणि २०२४ च्या मुंबई महोत्सवात पहिल्यांदा खास माहितीपटांचा बाजार भरला. या वाटांनी गेलेल्यांनी झेंडे लावले: पायल कपाडिया आणि शौनक सेन, लागोपाठ दोन वर्षे कानचा सुवर्णनेत्र. सर्वनिक कौर यांनी मुंबईच्या कोळ्यांवर केलेल्या ‘अगेन्स्ट द टाइड’ला २०२३ मध्ये सनडान्सला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. त्यात कोळ्यांची बोली आहे, पैशात फ्रान्सची भागीदारी आहे.

याचीच दुसरी बाजू आमच्या शहरात पाहायला मिळाली. निशा पाहुजांच्या ‘द वर्ल्ड बिफोर हर’ या २०१२ च्या माहितीपटात औरंगाबादचे दुर्गा वाहिनीचे शिबिर आहे. उत्तम माहितीपट. पण तो कॅनडातून आला. आमच्या गल्लीतली गोष्ट सांगायला टोरांटोहून माणूस यावा लागतो, कारण अर्ज कसा लिहायचा हे तिथल्या माणसाला शिकवलेले असते. इथल्या एका तरुणाचा चांगला विषय मी एका फंडाच्या दारात मरताना पाहिला. विषय होता औद्योगिक वसाहतीसाठी गेलेल्या जमिनींच्या पैशाने घरांत काय केले. त्याच्या तोंडून ऐकला तर अंगावर काटा यायचा. इंग्रजी अर्जात तो एखाद्या सरकारी योजनेसारखा वाचला गेला. परीक्षकांना दोष देत नाही. त्यांच्यासमोर कागदच आला, माणूस नाही.

त्यात विदेशी अंशदान कायद्याची २०२० ची दुरुस्ती. परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेने घ्यायचे आणि गावपातळीवरच्या छोट्या संस्थेपर्यंत पोचवायचे, ही साखळी तुटली. यात माहितीपटाचा विचार कुणी केला नसेलच. त्याचा विचार कुठल्याच कायद्यात कुणी करत नाही.

महाराष्ट्र सरकारचे चित्रपट अनुदान कथापटांच्या मापाने बेतलेले आहे. केरळची चलच्चित्र अकादमी २००८ पासून तिरुवनंतपुरमला माहितीपट-लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवते. आपल्याकडचा मुंबईचा महोत्सव केंद्राचा. राज्याचा असा काही नाही, आणि नाही याची खंतही कुणाला दिसत नाही. आमच्याकडे अजिंठा-वेरूळ महोत्सव दहा आवृत्त्या टिकला, त्यात मराठवाड्यातल्या लघुपटांची स्पर्धा असते, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. त्याच्या वाटचालीत अशोक राणेंसारखा माणूस होता, ज्यांच्या गिरणगावावरच्या ‘आणखी एक मोहेंजोदारो’ला सत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांत चरित्र-इतिहास विभागाचा मान मिळाला. पण स्पर्धा झालेल्या कामाला असते. पुन्हा तेच: पहिले पैसे कुठले?

माझे उत्तर गेली अनेक वर्षे एकच आहे, आणि सभांत मी ते सांगू लागलो की मागच्या रांगेतले घड्याळ बघतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, आणि त्याच्या सातव्या परिशिष्टात कला, संस्कृती आणि वारसा यांचे जतन स्पष्ट लिहिलेले आहे. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, चितेगाव, बिडकीन: या पट्ट्यातल्या कंपन्या वृक्षारोपण करतात, दप्तरे वाटतात. त्यांतल्या चार कंपन्यांनी मिळून एखाद्या विद्यापीठामार्फत वर्षाला पाच संशोधन-पाठ्यवृत्त्या द्याव्यात. अर्ज मराठीत. लेखी चार पाने, आणि तोंडी अर्धा तास. माहितीपट झालाच पाहिजे अशी अट नको. संशोधनाच्या शेवटी गोळा केलेले सगळे विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा झाले तरी पुरे.

पहिला विषय मीच सुचवतो. चितेगावच्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यात देशभरच्या घरांत गेलेले रंगीत टीव्ही तयार झाले. याच कंपनीने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, आणि २०१८ मध्ये तिचे प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली कंपनी लवादापुढे गेले. पैठण तालुक्यातल्या किती घरांत पहिला पगार तिथून आला, जुळणीच्या पट्ट्यावर बायका काय काम करायच्या, कारखाना थांबल्यावर कोण शेतीकडे परतले आणि कोण वाळूजला गेले, यावर माझ्या पाहण्यात एकही माहितीपट नाही. ती माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत आणि बोलायला तयार आहेत. कुणाला हा विषय घ्यायचा असेल तर संपादकांमार्फत मला कळवा. ओळखी मी करून देतो, अर्जाचे इंग्रजी करून देणारेही दोघे-तिघे माहीत आहेत. बहुतेक फंडांच्या मुदती वर्षातून एकदा-दोनदाच येतात, तेव्हा कामाला लागा.