मेणवलीस पायीं जावें

वाईचा ढोल्या गणपति पाहून यात्रेकरू बहुधा महाबळेश्वराच्या वाटेस लागतात. कृष्णेच्या वरच्या अंगास, वाईपासून सुमारें ३ किलोमीटरांवर, मेणवली नांवाचें एक लहानसें गांव आहे. तिकडे वळणारे नाहींत असें नव्हे. परंतु ते मोटारींतून उतरतात, घाटावर उभे राहून छायाचित्रें काढतात आणि घटकाभरांत परततात. २००४ सालीं निघालेल्या 'स्वदेस' या हिंदी चित्रपटांतील चरणपूर गांवाचीं दृश्यें येथें घेतलीं गेलीं, तेव्हांपासून या मंडळींची संख्या वाढली आहे. त्यांच्याविषयीं आमची तक्रार नाहीं. मात्र हें गांव ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें तें पायीं व सावकाश पाहावें, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

वाई सोडली कीं सावकाश चालणाऱ्यास पाऊण तास लागतो. वाटेंत उंसाचे व हळदीचे मळे लागतात आणि पांडवगड सारखा डोळ्यांसमोर राहतो. एका बाजूस डोंगर व दुसऱ्या बाजूस नदी, मध्यें काळ्या मातीची पट्टी, अशी ही जागा आहे. येथें कोणीं गांव कां वसवावें, हा प्रश्न पायीं चालणाऱ्यास विचारावा लागत नाहीं. त्याचें उत्तर वाटेवरच मिळतें. पाणी, सरपण, चारा आणि संकटकाळीं डोंगराचा आसरा हीं सर्व एका हांकेच्या अंतरावर आहेत.

१७६८ च्या डिसेंबरांत औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधि व साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनीं ही जागा बाळाजी जनार्दन भानु, म्हणजेच नाना फडणवीस, यांस दिली. नाना तेव्हां सव्वीस वर्षांचे होते. पानिपतचा संहार स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून परतल्यास त्यांस आठ वर्षेंही झालीं नव्हतीं. जागा ओसाड होती. तेथें त्यांनीं वस्ती करविली, वाडा बांधला, नदीस घाट बांधला आणि विष्णु व शिव यांचीं देवळें उभारलीं. आपण सहज म्हणतों कीं नानांनीं मेणवली बांधली. दगड फोडले ते पाथरवटांनीं, भिंती रचल्या त्या गवंड्यांनीं, तुळया तासल्या त्या सुतारांनीं. त्यांपैकीं एकाचेंही नांव वाड्यांत फिरणाऱ्यास कोणी सांगत नाहीं. घाटाची एखादी पायरी उतरतांना तिचा सांधा बोटानें चांचपून पाहावा. त्या हातांची ओळख तेवढीच काय ती उरली आहे.

वाडा सहा चौकांचा आहे. चौक हा आपल्या जुन्या घरांचा प्राण होय. ज्या भिंती शत्रूस व चोरास बाहेर ठेवतात त्याच भिंती उजेड व वारा यांसही अडवितात; म्हणून घराच्या पोटांतच आकाश मोकळें ठेवावयाचें आणि त्याच्या भोंवतीं ओसऱ्या व खोल्या बांधावयाच्या. पहिल्या चौकांत कोणीही परकी मनुष्य यावा, आंतल्या चौकांत कामाचीं माणसें यावीं, आणि अगदीं आंत घरच्या बायकांचा वावर असावा, अशी सामान्यतः वाड्यांची पद्धत असे. मेणवलीस एका चौकांतून दुसऱ्या चौकांत जातांना उजेडाचा रंग पालटतो, पावलांचा आवाजही पालटतो. भिंतींवर देवादिकांचीं जुनीं चित्रें आहेत. कांहींचा रंग उडाला आहे. तरीसुद्धां जीं शाबूत आहेत त्यांच्यापुढें उभें राहण्यास वेळ राखून ठेवावा.

या घराच्या मालकास येथें स्वस्थता किती लाभली, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि बारभाईंच्या कारभाराचा मुख्य भार नानांवर पडला. त्यापुढें इंग्रजांशीं युद्ध, १७८२ चा सालबाईचा तह, निजाम, टिपू, शिंदे व होळकर यांचीं प्रकरणें, हें सारें पुण्यांत बसून किंवा छावणींत राहून निभवावें लागलें. १७९६ सालीं पुण्याचें राजकारण उलटलें तेव्हां नाना वाईच्या बाजूस आले खरे, पण ते विश्रांतीस नव्हे. तेथूनही त्यांस खालीं महाडास जावें लागलें. पुढल्याच वर्षाच्या अखेरीस ते कैद झाले व अहमदनगरच्या किल्ल्यांत पडले. १३ मार्च १८०० रोजीं पुण्यांत त्यांचें देहावसान झालें.

आमच्या मतें या गांवाशीं जिचें नांव अधिक जोडावयास पाहिजे ती व्यक्ति निराळीच आहे. नानांच्या मृत्युसमयीं त्यांची पत्नी जिऊबाई केवळ नऊ वर्षांच्या आसपासची मुलगी होती. आमच्या शाळेंतील धाकट्या वर्गांच्या मुलींएवढें तिचें वय! नवऱ्याची दौलत व वैर हीं दोन्ही त्या बालविधवेच्या वांट्यास आलीं. तिला पुण्याहून लोहगडावर नेण्यांत आलें. तेथून जनरल वेलस्लीच्या आश्वासनावर ती पनवेलीस गेली, आणि कंपनी सरकारनें तिला सालीना १२,००० रुपयांची नेमणूक करून दिली. १८२७ च्या सुमारास ती मेणवलीस राहत असल्याचा उल्लेख एका इंग्रज अधिकाऱ्यानें केला आहे. पेशवाई बुडून तेव्हां नऊ वर्षें झालीं होतीं. पुण्यांतील मोठमोठे वाडे ओस पडूं लागले असतां या आडगांवच्या वाड्यांत दिवा लागत होता, तो या बाईमुळें. मार्गदर्शक म्हणून पुढें येणारा मनुष्य नानांचा पलंग आवर्जून दाखवितो. जिऊबाईंविषयीं विचारल्यावांचून तो बहुधा बोलत नाहीं. वाचकांनीं अवश्य विचारावें.

नानांच्या कागदपत्रांचा मोठा सांठा या वाड्यांत राहिला होता. 'मेणवली दप्तर' या नांवानें इतिहासाचे अभ्यासक त्यास ओळखतात. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं हे मोडी कागद मिळवून त्यांतील बराच भाग उजेडांत आणला. मराठ्यांच्या उत्तरकाळाविषयीं आपण जें आज वाचतों त्यांतील पुष्कळसें अशाच घरगुती रुमालांतून आलें आहे. वाळवी, ओल व आग यांनीं जे नेले त्यांची मोजदाद कोण करणार?

वाड्याच्या पाठीमागून नदीकडे उतरलें म्हणजे घाट लागतो. तो सरळ रेषेंत नसून चंद्रकोरीसारखा वांकलेला आहे. ही आकृति डोळ्यांस गोड वाटते, आणि सोयीचीही आहे. कारण वांकलेल्या कांठावर तितक्याच जागेंत पायऱ्यांची लांबी अधिक मिळते व पुष्कळ माणसें एकाच वेळीं पाण्याशीं पोंचतात. पायऱ्या खालपर्यंत असल्यामुळें पाणी चढो वा उतरो, कोणती तरी पायरी पाण्यालगत असतेच. आतां वरच्या बाजूस धोमचें धरण झालें आहे, तेव्हां नदी पूर्वींसारखी आपल्या मर्जीनें वाहत नाहीं. बायका मात्र पूर्वींप्रमाणेंच धुणें घेऊन येतात. दगडावर कपडा आपटल्याचा आवाज समोरच्या कांठावरून परत येतो. छायाचित्र काढणारे या बायकांस बाजूस सरकावयास सांगतात, हें आम्हांस मुळींच आवडत नाहीं. घाट बांधला तो याच कामासाठीं.

घाटावरील महादेवाच्या देवळाशेजारीं एका लहानशा दगडी घुमटींत एक मोठी घंटा टांगलेली आहे. आमच्यासारख्या मिशन शाळेच्या वाचकांनीं तिच्यापाशीं विशेष थांबावें. तिच्या अंगावर बाळ येशूस घेतलेल्या मरियेची आकृति उठविलेली असून १७०७ हा इसवी सनाचा आंकडा आहे. ही मूळची वसईकडील पोर्तुगीजांच्या देवळांतील घंटा. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली, तेव्हां विजयाची खूण म्हणून तिकडच्या घंटा घाटावर आणल्या गेल्या व निरनिराळ्या देवळांस वाहिल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील प्रसिद्ध घंटा त्याच जातीची, १७२१ सालची आहे. भीमाशंकरासही एक आहे.

ही घंटा पाहून ख्रिस्ती मुलास वाईट वाटलें तर त्यांत नवल नाहीं. लढाईंत घेतलेली वस्तु ती, आणि तसें स्पष्ट म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. वसईसाठीं दोन्ही पक्षांचीं माणसें फार मेलीं. परंतु घंटेच्या धातूविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. घंटेचें कांसें तांबें व कथील यांचें असतें, आणि त्या काळच्या पितळी म्हणविल्या जाणाऱ्या तोफाही याच दोन धातूंच्या ओतीत. प्रमाण तेवढें निराळें. घंटेंत कथील पांचव्या हिश्श्याहून थोडें अधिक, तोफेंत दहाव्या हिश्श्याच्या जवळपास. त्यामुळें युद्धाच्या दिवसांत घंटा भट्टींत घालून तोफा ओतण्याचा प्रघात युरोपांतही होता. मेणवलीची घंटा तोफ झाली नाहीं. ज्यांनीं ती आणली त्यांनीं मरियेची आकृति तासून काढली नाहीं, सनही पुसला नाहीं. एका उपासनास्थानांतून ती दुसऱ्या उपासनास्थानांत गेली आणि घंटाच राहिली. गांवच्या मुलांस त्या आकृतीविषयीं विचारल्यास तीं ती बोटानें बरोबर दाखवितात.

जाण्यास पावसाळ्यानंतरचे दोन महिने उत्तम. सकाळीं लौकर निघावें, कारण घंटेवरील आकृति तिरप्या उन्हांत उठून दिसते आणि माध्यान्हीं ती जवळजवळ लोपते. वाडा खासगी मालकीचा आहे. आंत जाण्यापूर्वीं तेथील माणसांस विचारावें, व चित्रांस हात लावूं नये. ज्यांच्या पायांत बळ उरलें असेल त्यांनीं नदीच्याच बाजूनें आणखी चार-पांच किलोमीटर चालून धोम गांठावें. तेथें महादेवापुढें पाण्याच्या कुंडांत दगडी कासवाच्या पाठीवर नंदी बसविला आहे, आणि बसावयास सावलीही पुष्कळ आहे.