तिकीट काढून पाहिलेला रोही

दिवाळी उरकली. सोयाबीन घरात आले, तूर फुलोऱ्यात होती. हाताला जरा उसंत मिळाली तेव्हा सेनगाव तालुक्यातील एका बचत गटाच्या बायका म्हणाल्या, "साहेब, नागपूरला बसमध्ये बसवून वाघ दाखवतात म्हणे. पोरांना घेऊन जाऊ या की!"

बसगाडी ठरली. पहाटे हिंगोली सोडली आणि वाशीम, कारंजा करीत नागपूरला पोहोचलो. काटोल रस्त्यावरचे गोरेवाडा हे आमचे ठिकाण. तेथील बाळासाहेब ठाकरे आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यानातील भारतीय सफारी २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. ही पद्धत मूळची परदेशातली. इंग्लंडमध्ये लाँगलीट येथे १९६६ साली सिंहांचे असे उद्यान उघडले. लोक आपापल्या मोटारीत बसून सिंहांच्या मधून जात. गोरेवाड्याला मात्र आपली गाडी आत नेता येत नाही, उद्यानाच्या बसमध्येच बसावे लागते. माणूस पिंजऱ्यात आणि जनावर मोकळे, असा उलटा मामला!

वाघ, बिबटे, अस्वले आणि गवत खाणारी जनावरे यांचे चार वेगवेगळे भाग आहेत. एका भागातून दुसऱ्यात जाताना दोन फाटके लागतात. पहिले पुरते बंद झाल्याशिवाय दुसरे उघडत नाही. पोरांना जिराफ आणि झेब्रा पाहायचे होते. पण ही सफारी आपल्या देशातील प्राण्यांची. पहिल्यांदा समोर आले ते चितळ आणि मागे उभा निळसर करडा, धिप्पाड रोही.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारच्या मावशींचा चेहरा मात्र उतरला.

"साहेब, ह्याला पाहायला मी तिकीट काढले? हा तर माझ्या तुरीत रोज रात्री फुकट दिसतो."

सगळी बस हसली. मावशी हसल्या नाहीत. आदल्या वर्षी त्यांची दीड एकर तूर रोह्यांच्या कळपाने तुडवली होती. अर्ज करायला त्या पंधरा दिवसांनी गेल्या आणि हात हलवत परत आल्या.

वाचकहो, हा प्राणी नीट ओळखून घ्या. नाव नीलगाय असले तरी ही गाय नव्हे. तो हरणवर्गातला, पण गायीच्याच मोठ्या कुळातला आहे. मोठा नर दोनशे किलोच्या वर भरतो. मादी तपकिरी असते व तिला शिंगे नसतात. ती आठ महिने गाभण राहते आणि पुष्कळदा जुळी देते, म्हणून कळप लवकर वाढतो. लाळ्या-खुरकूत त्यालाही होतो. त्याच्या वाटेवर आपली जनावरे चरत असतील तर त्यांची लस चुकवू नये.

मग राखण कशी करावी? सफारीच्या उंच जाळीकडे बोट दाखवून एका तरुणाने विचारले, "एवढे कुंपण आम्हाला कोठून परवडणार?" परवडणार नाही, हे खरे. पण म्हणून बांधावरच्या तारेत घरची वीज सोडणे हा उपाय नाही. ती गुन्हा तर आहेच, शिवाय त्या तारेला रोही चिकटण्याआधी जागलीला गेलेला आपलाच मुलगा चिकटू शकतो. सौर झटका मशीनमध्ये प्रवाह अगदी क्षणभर येतो आणि थांबतो, त्यामुळे जनावर दचकून मागे सरते, मरत नाही. मात्र मशीन चांगल्या बनावटीचे घ्यावे, तारेखालचे गवत काढत राहावे आणि चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून सलग कुंपण करावे. एकट्याने केले तर कळप शेजाऱ्याच्या शेतात वळतो, आणि भांडण मात्र माणसांत लागते.

पुढे बिबट्यांचा भाग आला. एक बिबट्या झाडाखाली पहुडला होता. गोरेवाड्यात बचाव केंद्रही आहे. गावाशी, माणसाशी गाठ पडून अडचणीत आलेले वाघ-बिबटे तेथे आणतात. त्या केंद्रावर डिसेंबर २०२४ च्या अखेरीस मोठे संकट आले. चंद्रपूरकडून आणलेले तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले: बर्ड फ्लू, एच५एन१. खाण्यात आलेल्या कच्च्या कोंबडीतून लागण झाली असावी, असा संशय व्यक्त झाला. त्याच जानेवारीत लातूर जिल्ह्यात उदगीरला कावळे मरून पडले, त्यांच्यातही हाच रोग निघाला.

हे ऐकून बायका गप्प झाल्या, कारण प्रत्येकीच्या अंगणात कोंबड्या. मी सांगितले ते येथेही सांगतो. एकाएकी कोंबड्या मरू लागल्या तर मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा नाल्यात फेकू नये, कुत्र्यामांजराला घालू नये, उघड्या हाताने धरू नये. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. आजारी कोंबडी कापून खाऊ वा विकू नये. निरोगी कोंबडीचे मांस आतपर्यंत पुरते शिजले, म्हणजे सत्तर अंशांच्या वर तापले, की विषाणू टिकत नाही.

शेवटी वाघ दिसला. पाणवठ्यात मानेपर्यंत बसलेला. बसमध्ये चिटपाखराचाही आवाज नाही. मावशी हळूच म्हणाल्या, "ह्याचेही रान गेले, माझीही तूर गेली."

परतीच्या वाटेवर मी सर्वांना एक गोष्ट पाठ करायला लावली. वन्यप्राण्याने पिकाचे नुकसान केले तर तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नये. सातबारा, बँक पासबुकाची प्रत आणि नुकसानीचे फोटो तयार ठेवावेत.

महिन्याभराने मावशींचा फोन आला. कळप पुन्हा आला होता. "साहेब, ह्या खेपेला दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. पोच घेतली. पंचनामाही झाला."

पैसे अजून यायचे आहेत. पण शेजारच्या तिघांना घेऊन मावशींनी झटका मशीनची वर्गणी सुरू केली आहे.