पत्र्याचं भोक आणि बियाण्याची थैली



मृग जवळ आला की अंबड तालुक्यातल्या घराघरांत एकच लगबग असते. घरचं सोयाबीनचं बियाणं काढायचं, निवडायचं, उगवण तपासायची. एकरी साधारण ३० किलो बियाणं लागतं. तेवढी थैली आपण वर्षभर जपतो. आणि नेमकी त्या थैलीवरच पहिल्या पावसाची धार लागते. ती धार येते कुठून? तर हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या भोकातून! सोयाबीनचं टरफल फार नाजूक. एकदा ओल लागली की दाणा फुगतो, बुरशी धरतो आणि उगवण बसते. म्हणून आज बोलू या घरातल्या लहान लहान भोकांबद्दल. स्क्रूची, खिळ्यांची, हुकांची भोकं कशी बुजवायची?

आधी ही भोकं होतात कशी ते पाहू. आपण पत्रे बऱ्याचदा दुसऱ्यांदा वापरतो. जुन्या गोठ्यावरचे काढून स्वयंपाकघरावर टाकतो. नवे स्क्रू नव्या जागी बसतात, जुनी भोकं तशीच उघडी राहतात. दुसरं कारण रबराचं. स्क्रूच्या डोक्याखाली रबरी वॉशर असतं. ते आपल्याकडच्या उन्हानं कडक होतं, चिरतं. स्क्रू जागेवर दिसतो, पण पाणी त्याच्या कडेनं आत येतं.

भोक शोधायला पाऊस कशाला हवा? भर दुपारी दार-खिडक्या लावा, आत अंधार करा आणि वर बघा. जिथं उजेडाचा ठिपका दिसेल तिथं भोक. ठिपका दिसला नाही, तरी पत्र्यावर ओघळाचा पांढरट किंवा गंजाचा डाग असतो, तो बघा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. पाणी जिथं टपकतं तिथंच भोक असेल असं नाही. पाणी पत्र्याच्या खालच्या अंगानं उताराकडं वाहत येतं आणि मग गळतं. म्हणून डागाच्या वरच्या बाजूला शोधा. सापडलं की दोन्ही भिंतींपासूनचं अंतर हातानं मोजून ठेवा, म्हणजे वर गेल्यावर जागा चुकत नाही.

आता आपली नेहमीची चूक. आतून सिमेंट थापायचं किंवा चिंधी कोंबायची. आतून बुजवलं तर पाणी भोकात साचून राहतं आणि पत्रा गंजून भोक मोठं होतं. पाणी ज्या बाजूनं येतं, त्याच बाजूनं भोक बंद करायचं. आणि सिमेंट का टिकत नाही? पत्रा उन्हात वाढतो, रात्री आकसतो. १२ फुटी लोखंडी पत्रा पहाट आणि दुपार यांत ४० अंशांचा फरक पडला की जवळपास पावणेदोन मिलिमीटर लांब होतो. रोज तो असा हलतो. सिमेंट हलत नाही, म्हणून ते तडकून सुटतं. पत्र्याला लवचिक वस्तूच लागते.

मग उपाय काय? स्क्रूच सैल झाला असेल तर तो काढून त्याच भोकात एक नंबर जाड स्क्रू, नव्या रबरी वॉशरसह बसवा. रबर किंचित दबेल इतकाच आवळा. जास्त आवळला तर रबर फाटतं. रिकामं भोक असेल आणि खाली लाकूड किंवा पाईप नसेल, तर नट-बोल्ट घाला. वरून बोल्ट आणि रबरी वॉशर, आतून दुसरीनं नट धरायचा. भोकाभोवती गंज असेल तर आधी तारेच्या ब्रशनं घासा, रेड ऑक्साइड लावा, वाळू द्या. वरून डांबरी चिकटपट्टी लावली तरी चालते. वरून चंदेरी असते ती. पत्रा कोरडा आणि स्वच्छ नसेल तर ती धरत नाही. सिलिकॉन घेणार असाल तर दुकानात ‘न्यूट्रल’ मागा. ज्याला आंबट वास येतो, ते सिलिकॉन पत्र्याचा जस्ताचा थर खातं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, वर चढण्याचं. थैली गेली तर पुन्हा घेता येईल, कंबर मोडली तर काय करणार? सिमेंटच्या पत्र्यावर कधीही पाय देऊ नका. वरून धड दिसतो आणि पायाखाली काचेसारखा फुटतो. आडव्या वाशांवर फळी टाका आणि फळीवरूनच सरका. एकटीनं चढू नका, शिडी धरायला खाली माणूस हवं. ओल्या पत्र्यावर, वाऱ्यात चढू नका. घरातला मेन स्विच बंद करा. पण खांबावरून येणाऱ्या तारेत तरीही वीज असते, म्हणून ती तार पत्र्याला घासत असेल तर वर जाऊच नका, आधी वायरमनला बोलवा. आणखी एक. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. असा पत्रा कोरडा घासू नका, त्याला भोकं पाडू नका.

भिंतीचं भोक त्या मानानं सोपं. फक्त भिंत कशाची आहे ते आधी बघा.

विटा-सिमेंटची भिंत असेल तर भोकातली धूळ झटका, पाणी शिंपडा, पुट्टी दाबून भरा. पुट्टी वाळताना बसते, म्हणून खोल भोक दोनदा भरा. वाळल्यावर काचपेपर मारा. पण त्याच जागी पुन्हा स्क्रू लावायचा असेल तर पुट्टी कामाची नाही. तिथं प्लास्टिकची गिट्टी ठोका.

मातीची भिंत असेल, आपल्या जुन्या माळवदाच्या घरांची असते तशी, तर तिला मातीच द्या. पांढरी माती आणि भुसा कालवून, मुरवून, जागा ओली करून भरा. सिमेंट मातीला धरत नाही. ते सुटतं तेव्हा मातीचा ढेपाळाही घेऊन पडतं.

लाकडात किंवा प्लायवूडमध्ये स्क्रू फिरत राहत असेल, तर काडेपेटीच्या दोन-तीन काड्या घ्या. गूल मोडून टाका, काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, वरचं टोक कापा. स्क्रू पुन्हा घट्ट बसतो. दाराच्या बिजागरीला हाच उपाय.

मैत्रिणींनो, तारेचा ब्रश, पाना, स्क्रू-वॉशरची पुडी आणि एक मजबूत फळी एवढं सामान प्रत्येकीनं घ्यायची गरज नाही. गटात एक संच पुरतो. येत्या बैठकीत ठरवा आणि मृगाआधी एकेक घर बघून घ्या. आणि हो, काम होईपर्यंत बियाण्याची थैली भिंतीपासून हातभर दूर, लाकडी फळीवर ठेवा.