मोटारींतील तेलदाबाचा काटा



मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत पृथ्वीचें चुंबकत्व मोजणारीं नाजूक यंत्रें होतीं. शहरांत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या विद्युत्प्रवाहानें काटे भरकटतील म्हणून हें काम अलिबागला नेण्यांत आलें, व १९०४ सालापासून तेथें वेध घेतले जाऊं लागले. तेव्हां काट्याची कदर आमच्या गांवाला जुनीच आहे. तरी त्याच गांवच्या रस्त्यांवरून धांवणाऱ्या जुन्या मोटारींत एक अत्यंत उपयुक्त काटा बहुधा नसतो. एंजिनांतील तेलाचा दाब दाखविणारा हा काटा जुन्या गाडीला मागाहून कसा बसवावा, याविषयीं आज बोलावयाचें आहे.

आमच्या घरीं एक प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईच्या टॅक्सींतून ही गाडी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. पण हौसेनें ती जपणारीं कांहीं घरें आहेत, त्यांपैकीं आमचें एक. कांहीं वर्षांपूर्वीं माझे थोरले बंधु पेणहून अलिबागकडे येत असतां कार्लेखिंडीच्या चढावर समोरचा तेलाचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला आणि विझला. दिवा विझला, म्हणजे तक्रार मिटली, असें समजून दादा पुढें निघाले. घर दिसूं लागलें तेव्हां एंजिनांतून ठकठक असा आवाज येत होता. मिस्तरींनीं एंजिन उघडून क्रँकचीं बेअरिंगें आमच्या हातावर ठेवलीं. त्यांवरचा मऊ धातूचा थर पार खरवडून गेला होता. गाडी चार महिने घराबाहेर राहिली, आणि दादा त्या लाल दिव्याचा उल्लेख निघाला कीं विषय बदलूं लागले.

दोष दादांचा नव्हता. दिव्याकडून त्यांनीं अपेक्षा जास्त केली होती. एंजिनाचा क्रँक आपल्या बेअरिंगांत टेकून फिरत नाहीं, तर तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत फिरतो. हा थर मावण्यासाठीं ठेवलेली फट माणसाच्या केसाहूनहि बारीक असते. पंप तेल ढकलतो, बारीक फटी त्याला अडवितात, आणि या अडवणुकींतून दाब उत्पन्न होतो. बेअरिंगें झिजून फटी रुंदावल्या, किंवा तेल तापून पातळ झालें, कीं दाब उतरतो. रस्त्यानें वेगांत चालणाऱ्या अशा एंजिनांत साधारणपणें दर चौरस इंचास ४० पौंडांच्या आसपास दाब असावा. दिव्याची कळ मात्र तो ५ पौंडांच्या आसपास येईपर्यंत दिवा लावीतच नाहीं. ४० वरून ५ पर्यंतची सारी उतरण दिव्याच्या दृष्टीनें क्षेमकुशलच! तो पेटतो तो आजार सांगण्यासाठीं नव्हे, तर वैद्यबुवांना उशीर झाला हें सांगण्यासाठीं.

काट्याचें तसें नाहीं. त्याच्या पोटांत एक चपटी, वांकविलेली धातूची नळी असते. जत्रेंत मुलें फुंकतात ती गुंडाळलेली कागदी पुंगी जशी फुंकरेसरशी उलगडते, तशी ही नळी तेलाच्या दाबानें किंचित् सरळ होऊं पाहते व काटा फिरविते. यूजीन बूर्दों या फ्रेंच कारागिरानें १८४९ सालीं ही युक्ति काढली. ती अजून कालबाह्य झालेली नाहीं.

आतां बसविण्याकडे वळूं. एंजिनाच्या अंगांत जेथें दिव्याची कळ बसविलेली असते, तेथें मुख्य तेलवाहिनीचें तोंड असतें. एंजिन पूर्ण थंड असतांना ती कळ काढावी व तेथें पितळी तिहेरी जोड, ज्याला मिस्तरी ‘टी’ म्हणतात, तो बसवावा. त्याच्या एका तोंडाला काट्याची नळी व दुसऱ्याला ती जुनी कळ. काटा आला म्हणून दिवा काढूं नका. रात्रीं वळणावर डोळे रस्त्यावर असतात, काट्यावर नसतात. आंटे मात्र आधीं नीट तपासावे. अमेरिकन, इंग्रजी व मेट्रिक आंटे दिसावयास सारखे, पण एकमेकांत जबरीनें बसविले तर एंजिनाच्या अंगांतले आंटे कायमचे बिघडतात.

येथें एक खोंच आहे. जड पितळी जोड एंजिनाला नुसता लोंबकळत ठेवला, तर रोजच्या हादऱ्यानें तो मानेपाशीं मोडतो. म्हणून मध्यें तेल सोसणारी लवचिक नळी घालून जोड गाडीच्या पत्र्याला पक्का आवळावा. पण दिव्याची कळ आपला विद्युत्प्रवाह आंट्यांतून एंजिनाच्या लोखंडांत सोडते. तो मार्ग रबरी नळीनें तुटतो व दिवा मुका होतो. तेव्हां जोडापासून एंजिनापर्यंत एक निराळी तार ओढलीच पाहिजे. आमच्याकडे ती पहिल्या खेपेस राहिली होती.

काट्याची नळी तांब्याची असेल तर एंजिनाजवळ तिला दोन सैल वेटोळीं द्यावीं. सरळ ताणलेलें तांबें हादऱ्यांनीं कडक होऊन तडकतें. नायलॉनची असेल तर धुराच्या तापलेल्या नळापासून दूर ठेवावी. पत्र्याच्या भोंकांतून नेतांना रबरी कडें विसरूं नये. घासून पडलेल्या बारीकशा छिद्रांतूनहि तेल पिचकारीसारखें उडतें. तें तापल्या नळावर पडलें तर आग लागते, आणि न पडलें तरी थोड्याच मैलांत एंजिन कोरडें पडतें. रक्षणासाठीं बसविलेला काटाच अशा वेळीं घात करतो. म्हणून पहिल्यांदा एंजिन सुरू केल्यावर कौतुकानें काट्याकडे पाहात बसूं नये. एकानें आंत बसावें व दुसऱ्यानें प्रत्येक जोडाला बोट लावून पाहावें. एंजिन तापल्यावर पुन्हां पाहावें, आणि शेवटीं तें बंद करून तेलाची पातळीहि तपासावी.

विजेवर चालणारे काटेहि मिळतात. त्यांत गरम तेल माणसांच्या गुडघ्यांपाशीं आणावें लागत नाहीं, हा मोठा गुण. पण रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यावर खारा वारा पितळी टोकांवर हिरवा थर चढवितो, पावसाळ्यांत तारांचे जोड गंजतात आणि काटा खोटें बोलूं लागतो. मला तरी नळीचा काटाच विश्वासू वाटतो.

वाचनाविषयीं थोडेंसें. सकाळीं थंड एंजिनांत काटा फार वर जाईल, त्यानें हुरळूं नये. तेल घट्ट असतें इतकेंच. गाडी अर्धा तास चालल्यावरचा आंकडा खरा. एंजिनाच्या दर हजार फेऱ्यांना १० पौंड, असा एक ढोबळ हिशेब मिस्तरी सांगतात. परंतु त्याहून आपल्या गाडीची नेहमींची संवय ठाऊक असणें महत्त्वाचें. दाब एकाएकीं शून्यावर आला तर कारण शोधीत पुढें जाऊं नये, एंजिन तत्काळ बंद करावें. महिन्यामहिन्यानें दोन-दोन पौंड उतरत असेल तर झीज चालली आहे, व दुरुस्तीसाठीं पैसे आणि वेळ दोन्ही जुळविण्यास सवड आहे.

दादांनीं आतां गाडींत एक वही ठेविली आहे. तींत तारीख, हवा व कार्लेखिंडीच्या माथ्यावरचा आंकडा एवढेंच असतें. परवांच्या नोंदींत ४१ आहे. गेल्या वर्षीं याच दिवसांत ४३ होता, आणि त्या दोन पौंडांविषयीं ते मिस्तरींशीं बोलून आले आहेत.