गाडी सुरू झाली की कुत्रा का भुंकतो?

चंद्रपूरहून मूलकडे किंवा गडचिरोलीहून आलापल्लीकडे जाताना वनखात्याची अथवा पोलिसांची एखादी गाडी तुम्ही पाहिली असेल. मागच्या जाळीआड जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर किंवा मॅलिनॉइस जातीचा कुत्रा असतो. गडचिरोलीत असे कुत्रे जमिनीत पुरलेले सुरुंग शोधतात. वाघाच्या मुलखात ते लोखंडी सापळे, कातडी, हाडे आणि शिकाऱ्याचा माग काढतात. वन्यजीवांच्या चोरट्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २००८ साली भारतात वनखात्यांसाठी कुत्री तयार करण्याचा कार्यक्रम सुरू केला. आधी भोपाळला आणि पुढे हरियाणात पंचकुल्याजवळ त्यांचे शिक्षण होऊ लागले. सात ते नऊ महिने चालणाऱ्या या शिक्षणात प्रत्येक कुत्र्याबरोबर दोन माणसेही शिकतात. त्यांना श्वान हस्तक म्हणतात. महाराष्ट्राच्या वनखात्यातही अशी श्वानपथके आहेत.

म्हणजे हा कुत्रा गावातल्या मोकाट कुत्र्यासारखा अशिक्षित नव्हे. ‘बस’ म्हटले की तो बसतो. सुरुंगाचा वास लागला की न भुंकता, न उकरता जागच्या जागी शांत बसून राहतो, कारण तिथे पंजाचा एक फटकाही जिवावर बेतू शकतो. पण गाडी सुरू झाली की हाच कुत्रा कंठ फुटेस्तोवर भुंकू लागतो. ही तक्रार जगभरातले हस्तक करतात. इतका शिकलेला कुत्रा गाडीत असा का वागतो?

भुंकणे हा केवळ कानाला होणारा त्रास असता तर एवढी चर्चा करायचे कारण नव्हते. जंगलात रात्री गस्तीच्या गाडीतून आलेला आवाज दूरवर जातो आणि ज्याला पकडायचे तो आधीच सावध होतो, हे एक. पण त्याहून मोठा प्रश्न उष्णतेचा आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही. गडचिरोलीहून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर. एवढा वेळ गाडीत उड्या मारत, भुंकत गेलेला कुत्रा खाली उतरेल तेव्हा त्याच्या नाकाची काय अवस्था असेल?

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी असतात त्या मुख्यतः पंजांच्या तळव्यांत, आणि त्यांचा उपयोग अगदी थोडा. त्याचे शरीर थंड होते ते धापा टाकून. नाकातल्या, जिभेवरच्या आणि तोंडातल्या ओलाव्याची वाफ होते आणि वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. वर्गात हा हिशेब फळ्यावर करता येईल. ३० किलो वजनाच्या कुत्र्याचे तापमान एका अंशाने वाढायला साधारण १०५ किलोज्यूल उष्णता लागते (शरीराची विशिष्ट उष्णता ३.५ धरली आहे). शरीराच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल खर्च होतात. म्हणजे तो एक अंश परत खाली आणायला जवळजवळ ४४ ग्रॅम पाणी धापेतून जायला हवे. तीन मोठे चमचे पाणी! आणि भुंकणे, उड्या मारणे चालूच असेल तर स्नायू नवी उष्णता तयार करत राहतात. मे महिन्यातली हवा निदान कोरडी असते, त्यामुळे वाफ लवकर होते. जुलैत पारा उतरलेला असतो, पण हवा दमट असल्याने धाप तितकी कामाला येत नाही. ‘आता पाऊस पडला, काळजी मिटली’ असे समजणारा म्हणूनच चुकतो.

आता नाकाकडे येऊ. वास घेताना कुत्रा तोंड मिटून नाकाने छोटे छोटे जलद श्वास ओढतो. धापा टाकताना तोंड उघडे असते आणि हवा तिथून बाहेर फेकली जाते. ही दोन्ही कामे एकाच वेळी नीट होत नाहीत. इस्राएलमधल्या गाझित आणि टेर्केल या संशोधकांनी स्फोटके शोधणाऱ्या कुत्र्यांना आधी पळवून दमवले आणि मग कामाला लावले. धाप जितकी जास्त, तितका शोध कमी यशस्वी, असे त्यांना आढळले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. सरावाने कुत्रा दमलेल्या अवस्थेत काम करायलाही काही प्रमाणात शिकतो, हेही त्यांनी नोंदवले आहे. पण गाडीतच दमलेला कुत्रा सुरुंगाच्या रस्त्यावर उतरवणे म्हणजे मागून येणाऱ्या जवानांचा जीव टांगणीला लावणे.

उपाय शोधण्याआधी कारण नक्की करायला हवे. गाडीत गप्प न बसण्याची कारणे अनेक असतात. काही कुत्र्यांना गाडी लागते. त्यांची लाळ गळते, ती अस्वस्थ होतात, ओकतात. काहींना इंजिनाच्या किंवा पत्र्याच्या आवाजाची भीती वाटते. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. म्हणजे आपल्याला शांत वाटणारी गाडी त्याच्या कानाला कर्कश असू शकते. एक सोपी कसोटी आहे. जाताना भुंकणारा कुत्रा परत येताना झोपतो का? झोपत असेल तर गाडी लागणे किंवा भीती हे कारण संभवत नाही, कारण गाडी तीच आणि रस्ताही तोच. फरक फक्त पुढे काय येणार याचा आहे.

इथे इव्हान पावलॉव्हची आठवण होते. पावलॉव्हला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेच्या अभ्यासासाठी. त्या अभ्यासात त्याच्या लक्षात आले की अन्न तोंडात पडण्याआधीच, ते आणणाऱ्या माणसाची चाहूल लागताच कुत्र्यांना लाळ सुटते. यालाच मानसशास्त्रात अभिजात अभिसंधान म्हणतात. आता समजा, मोहर्लीजवळच्या एखाद्या पथकातला कुत्रा जेव्हा जेव्हा गाडीत बसतो तेव्हा तेव्हा पुढे जंगल, वास, शोध आणि शेवटी बक्षिसाचा चेंडू येतो. मग गाडी हीच त्याच्यासाठी चेंडूची चाहूल होते. लाळेऐवजी इथे उसळतो तो उत्साह. म्हणजे कामावर जीव असलेला कुत्राच गाडीत अधिक भुंकतो, आणि त्याला हे आपणच शिकवलेले असते, नकळत!

शिकवलेले असेल तर पुसताही येईल. रॉबर्ट रेस्कोर्ला या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली उंदरांवरचा एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. आवाजाबरोबर विजेचा सौम्य धक्का दिला की उंदीर त्या आवाजाला घाबरू लागतात. पण आवाज नसतानाही धक्के तितक्याच वेळा बसत राहिले, तर आवाजाची भीती तयार होत नाही. कारण तेव्हा आवाज काहीच सांगत नाही. दोन गोष्टी एकत्र घडणे पुरेसे नाही, पहिलीने दुसरीची बातमी द्यावी लागते.

हस्तकासाठी याचा अर्थ सरळ आहे. गाडीने बातमी देणे थांबवले पाहिजे. रोज सकाळी कुत्र्याला उभ्या गाडीत बसवायचे, पाच मिनिटांनी उतरवायचे आणि काहीही करायचे नाही. पुढे इंजिन सुरू करून बंद करायचे. मग गाडी फाटकापर्यंत नेऊन परत आणायची. बाजारात जाताना, डिझेल भरायला जाताना त्याला बरोबर न्यायचे. काही वेळा कामाचा पट्टा चढवून पुन्हा काढून ठेवायचा. उलट, काही दिवशी गाडीशिवायच पायी नेऊन काम द्यायचे. दहा फेऱ्यांतल्या आठ निष्फळ ठरल्या की गाडी ही नुसती गाडी उरते. या काळात बाजूच्या काचांवर पडदा टाकला तर पळती झाडे, गुरे आणि दुचाक्या दिसत नाहीत आणि काम सोपे होते. मात्र पडद्याने हवा अडता कामा नये. उन्हात बंद उभ्या गाडीतले तापमान तासाभरात २० अंशांहून अधिक चढू शकते, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. तेव्हा हा सराव सकाळी, सावलीत आणि दारे उघडी ठेवूनच करायचा.

एवढ्याने उत्साह ओसरतो. शांततेची सवय वेगळी लावावी लागते, आणि इथे साधक अभिसंधानाचा नियम लागू होतो. ज्या वर्तनानंतर हवे ते मिळते, ते वर्तन वाढते. कुत्रा क्षणभर जरी थांबला तरी हळू आवाजात ‘शाबास’ म्हणून खाऊ द्यायचा. आधी दोन सेकंदांच्या शांततेला, मग पाच, मग तीन, मग दहा. हा क्रम मुद्दाम थोडा अनियमित ठेवतात, म्हणजे कुत्रा हिशेब मांडत बसत नाही. पण कामावरच्या कुत्र्याला खाऊपेक्षाही मोठे बक्षीस हवे असते, ते म्हणजे दार उघडणे. प्राण्याला जे करायची ओढ असते तेच बक्षीस म्हणून वापरता येते, हे डेव्हिड प्रेमॅकने १९५९ साली मांडले. तेव्हा दाराच्या कडीला हात लावायचा आणि तो भुंकला की हात मागे घ्यायचा. गप्प झाला की पुन्हा कडीला हात. पहिल्या दिवशी यात अर्धा तास गेला तरी चालेल, पण तो प्रत्यक्ष कामगिरीचा दिवस नसावा.

मधेच एक अवघड टप्पा येतो. आजवर जे भुंकून मिळत होते ते मिळेनासे झाले की कुत्रा आधी जास्त भुंकतो. बंद पडलेल्या पंख्याचे बटण आपणही दोन-चारदा जोरात दाबतोच की! याच वेळी कंटाळून कोणी दार उघडले, तर कुत्रा शिकतो की खूप भुंकले म्हणजे मिळते. आणि अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय नेहमी मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेल्या सवयीपेक्षा चिवट असते. म्हणून दोन्ही हस्तकांचा नियम एकच हवा. गाडीचा चालक हा तिसरा शिक्षक आहे, पण त्याला सहसा कोणी काही सांगत नाही. भुंकणे सुरू होताच ‘लवकर पोचू एकदाचे’ म्हणून त्याने वेग वाढवला, तर दोघांची मेहनत वाया जाते.

‘गप!’ असे ओरडून काय होते? उत्साहात असलेल्या कुत्र्याला धनीही आपल्याबरोबर भुंकतो आहे असेच वाटत असावे. निदान त्याच्याकडे लक्ष तरी जाते, आणि लक्ष हेही बक्षीसच. (गलका करणाऱ्या वर्गावर त्याहून मोठ्याने ओरडून पाहिलेल्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.) विजेचा झटका देणारा गळपट्टा वापरला तर आवाज थांबेलही, पण गाडीची भीती बसू शकते आणि मग कुत्रा गाडीत चढायलाच तयार होत नाही. सर्वांत घातक म्हणजे तोंड घट्ट बांधणे. तोंड मिटले की धाप बंद, आणि धाप बंद म्हणजे वर हिशेब केलेले ते ४४ ग्रॅम पाणी बाहेर पडण्याची वाटच बंद. आपल्याकडच्या उन्हाळ्यात असा कुत्रा पाहता पाहता उष्माघाताने मरू शकतो. मुसके घालावेच लागले तर ते आत तोंड पूर्ण उघडता येईल असे, टोपलीसारखे हवे.

विद्यार्थ्यांना यातला एक भाग घरी करून पाहता येईल, मात्र तो स्वतःच्या घरच्या, लस टोचलेल्या कुत्र्यावरच. वहीत तीन रकाने आखावेत: भुंकण्याआधी काय घडले, कुत्रा किती वेळ भुंकला, आणि लगेच नंतर काय झाले. आठवडाभर नोंदी ठेवल्या की तिसरा रकाना बोलू लागतो. कोणी भाकरी टाकली, कोणी दार उघडले, कोणी नुसते ‘हाड’ म्हटले. मग एकच गोष्ट बदलून पुढचा आठवडा मोजावा.

शेवटी हस्तकांना चकवणारी एक गोष्ट. महिना-दीड महिना शांत बसणारा कुत्रा रजेनंतर पहिल्याच फेरीत पुन्हा भुंकतो आणि सगळी मेहनत फुकट गेली असे वाटते. पावलॉव्हलाही हे दिसले होते. विझलेला प्रतिसाद काही काळ विश्रांती मिळाली की आपोआप डोके वर काढतो, कारण जुने शिक्षण पुसले गेलेले नसते, त्यावर फक्त नवे चढलेले असते. अशा वेळी गाडी उभी करून दोन पायऱ्या मागे जायचे, उभ्या गाडीतल्या पाच मिनिटांपासून पुन्हा सुरुवात करायची. दुसऱ्या खेपेला सहसा पहिल्याइतका वेळ लागत नाही.